उतारावर बंद पडणारी गाडी

गाडी माझ्या दारात चालू उभी होती आणि बंद पडत नव्हती. इसाकभाईची तक्रार हीच होती.

"बघ काकी, आता कशी शाण्यासारखी उभी आसा," तो म्हणाला. "वाटेत माका रडवता, आनि तुझ्या दारात इली की साधू."

"डॉक्टराच्या दारात ताप उतारता, तसा," मी म्हटलं.

"मगे तू डॉक्टर ना? काढ ताप."

माझं गॅरेज धामापूरच्या अलीकडे रस्त्याला लागून आहे. वर पत्रा, खाली चिऱ्याची जमीन, मागे घर. पाटीवर नाव अजून आमच्या ह्यांचंच आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की पाटी बघतं, मला बघतं आणि विचारतं, मेकॅनिक खंय आसा? मी पाना हातात घेऊन उभी असते तरी विचारतं. मी सांगते, जो पाटीवर आसा तो वर गेलो, जी खाली आसा तिच्याकडे काम सांग.

माझी शाळा चौथीपर्यंत. गॅरेजचं काम मी शिकायला म्हणून शिकले नाही. ह्यांचं अर्धं अंग गेलं, मग ते खाटेवरून सांगायचे आणि मी हात चालवायचे. "तेरा-चौदाचो पानो घे. डावीकडे फिरव. गो, तुझा डावा नाय, बोल्टाचा डावा." असं. रागवायचे पण भरपूर. तोंडाचं अर्धंच अंग चालत होतं, पण शिव्या पूर्ण येत होत्या. ते गेले तेव्हा दारात दोन गाड्या खोललेल्या होत्या. बारावा झाला आणि मी त्या बसवायला घेतल्या. दुसरं कोण बसवणार? गिऱ्हाईक काय माझ्या दुःखात चालत घरी जाणार? तेव्हापासून चाललंय.

आता इसाकभाईचं सांगते. मालवणच्या बंदरावर त्याचा सुक्या मासळीचा धंदा. गाडी जुनी, पेट्रोलची, कार्बोरेटरवाली. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा एकत्र करायचं भांडं. आताच्या गाड्यांत ते नसतं, तिथे कॉम्प्युटर असतो. मालवणच्या नव्या गॅरेजवाल्याने स्कॅनरची वायर घेऊन ह्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या म्हणे, आणि वायर खुपसायला भोकच मिळालं नाही. मग म्हणाला, काकीकडे जा, तिच्याकडे जुनी माणसं जातात.

तर आजार असा, की गाडी धावताना ठीक. पाय काढला, ब्रेक मारला, की धडधड, धडधड, गप्प. आमच्या धंद्यात ह्याला आयडलिंगचा प्रॉब्लेम म्हणतात. आयडलिंग म्हणजे गाडी उभी असते, तुमचा पाय ॲक्सिलेटरवर नसतो, तरी इंजिन आपल्यापुरतं हळूहळू चालत राहतं ते. माणूस झोपला तरी श्वास चालू राहतो तसं. इसाकभाईच्या गाडीचा श्वास झोपेत अडकत होता.

एवढ्यावर तो माझ्याकडे आला नसता. गाडी बंद पडली की उतरून शिव्या घालायच्या, परत स्टार्टर मारायचा, त्याची सवय झालेली. पण त्याची मुलगी नसीम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं बीपी चढत होतं. कुडाळच्या डॉक्टरने सांगून ठेवलं होतं, कळ आली की थांबू नका, लगेच आणा, वाटेत वेळ घालवू नका. आणि कुडाळची वाट हीच, धामापूरची. तळ्याकडे उतरते ती. गाडी बंद पडायची तीही नेमकी तिथे, तळ्याच्या उतारावर, देवीच्या देवळाच्या अलीकडे.

नसीम गाडीतच बसली होती, दार उघडं टाकून, पाय बाहेर, पोटावर आवळ्यांची पिशवी.

"काकी, गेल्या तपासणीक तीन वेळा बंद पडली," ती म्हणाली. "मागसून एसटी. ड्रायव्हर हॉर्न मारता, अब्बा त्येका हात जोडतत. माझ्या पोटात पोर लाथा मारता. माका वाटता त्याकाच उतरान धक्को मारूचो आसा."

"भाड्याची गाडी घे मां त्या दिवशी," मी इसाकभाईला म्हटलं.

"कळ काय सांगान येतली? ह्या दिवसांत भाड्याच्यो गाडयो सगळ्यो पर्यटकांक घेवन फिरतत. फोन केलो तर सांगतत, आमी तारकर्लीत आसव, सांजेक येतो. पोर थांबतला सांजेपर्यंत?"

बरोबर होतं त्याचं. मी बॉनेट उघडलं.

आत दोन नारळ होते. लाल कापडात गुंडाळलेले, सुतळीने बांधलेले, एकाला एक टेकून लोंबत होते. एक जुना, कापड काळं पडलेलं. एक नवीन.

मी पहिल्यांदा काय केलं असेल? हात जोडले. मग नारळाला धक्का लागणार नाही असा हात वाकडा करून प्लग काढायला घेतले. माझ्या आधी मालवणात एकाने आणि कुडाळात दोघांनी तेच केलं होतं.

हा नारळ म्हणजे राखणेचा. आमच्याकडे नवी गाडी घेतली की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण देवाला सगळी हकिगत सांगतो, बाकीचे मध्ये मध्ये "व्हय म्हाराजा" म्हणतात. मग नारळ बांधतात. ही गाडी आधी आबा परबांची होती. आबा आतल्या गावचे, काजू-आंब्यावाले. त्यांनी गुरवाकडून नारळ बांधून घेतला. बाहेर बांधला तर कोण सोडून नेईल म्हणून बॉनेटखाली. आणि गाडी इसाकभाईला विकताना शब्द घेतला, की गाडी तुझी, पण नारळ सोडायचा नाही.

इसाकभाईने शब्द असा पाळला, की आबांनीही पाळला नसता.

"गाडी धुताना नारळाक पाणी लागाक देणत नाय," नसीम म्हणाली. "आमच्या अम्मीक कधी विचारूक नाय गो असा, तुका पाणी लागला काय म्हणान."

"तू गप ऱ्हव. दुसऱ्याच्या देवाची वस्तू आसा ती," इसाकभाई म्हणाला. "आपली असती तर येक वेळ मिया सोडलंय असतंय."

"आनि हो दुसरो खंयसून इलो?" मी विचारलं.

"तो आबांनी सांगलो. गाडी देवळाच्या उतारावर बंद पडता म्हणान मी फोन केलंय. ते म्हणाले, जुन्या नारळाची ताकद सरली आसतली, जोडीक नवीन बांद. चतुर्थी झाल्यार बांदलो."

"मगे फरक पडलो?"

"पडलो तर! आधी उतारावरच बंद पडा होती. आता स्पीडब्रेकरावर पण पडता."

"मगे आता?"

"आता काय, तिसरो बांदूचो काय तां तुका विचारूक इलंय."

त्याने हे चेष्टेने म्हटलं नव्हतं. आणि मलाही तेव्हा त्यात काही दिसलं नाही. मी पण ह्याच गावची. मी प्लग घासले. प्लगला ठिणगी पोचवणाऱ्या पॉइंटचा गॅप बघितला. एअर फिल्टर झटकला, त्यातून मासळीचा वास आला. कार्बोरेटर खोलून पेट्रोलने धुतला, जेटमधून फुंकर मारली. जेट म्हणजे पेट्रोल यायचं बारीक भोक, त्यात केसभर कचरा गेला तरी गाडी आजारी पडते. कचरा नव्हता. आयडलिंगचा स्क्रू बघितला तर तो आधीच्या तिघांनी पिळून पिळून शेवटाला नेलेला. राऊंड वाढवले की इंजिन जोरात चालतं आणि बंद पडायचं जरा टळतं. तापावर गोळी दिल्यासारखं आहे ते. ताप दिसत नाही, आजार आत बसून राहतो. मी स्क्रू होता तिथे परत आणला. गाडी दारात तरीही मस्त चालत होती.

"झाली?" इसाकभाई म्हणाला.

"बघूया. चल तळ्यापर्यंत."

मी चालवायला बसले, तो बाजूला, नसीम मागे. इसाकभाई तिला म्हणाला, तू उतर. ती म्हणाली, उन्हात रस्त्यार बसू काय? चढ आला, गाडी ठीक. सपाटी ठीक. तळ्याचा उतार लागला, मी ब्रेकवर पाय ठेवला. धडधड, धडधड, गप्प.

समोर देऊळ. मागे नसीम म्हणाली, "सांगलंय नाय?"

इसाकभाईने देवळाकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काकी, ही तुमची देवी माका फुडे जावक देणा नाय. काय चुकला माझा?"

त्याचा चेहरा खरंच उतरला होता. त्याला गाडीचं नव्हतं पडलेलं. त्याला वाटत होतं, पोरीला कळ येणार आणि देवी वाट अडवून उभी राहणार.

मी म्हटलं, "देवीक काय कामां नाय? तुझ्या गाडीची वाट बघीत बसतली?" पण मीही मनातल्या मनात देवीला हात जोडले होते. उगाच कशाला खोटं बोला.

परत यायला गाडी वळवली. आता तोच उतार आम्हाला चढ झाला. अर्ध्या चढावर एक म्हातारा गृहस्थ स्कूटर घेऊन मध्ये आला, मी कचकन ब्रेक मारला, गाडी उभी राहिली. आणि चालूच राहिली. पाय काढला तरी चालू. देऊळ तिथंच, देवी तीच.

देवीचा राग जाणाऱ्यांवर आणि येणाऱ्यांवर वेगळा नसतो. एवढं मला शाळा नसतानाही कळतं.

गॅरेजच्या बाजूला आमची गाडीवाट आहे, खालच्या शेताकडे उतरणारी. मी गाडी तिथे तोंड खाली करून उभी केली आणि पुढच्या चाकांना मोठे चिरे लावले. चालू ठेवली. थोड्या वेळात धडधड आणि गप्प. मग गाडी फिरवून तोंड वर करून उभी केली. चिरे आता मागच्या चाकांना. चालूच. परत खाली. गप्प. परत वर. चालू. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायला लागले. एकाने विचारलं, "काकी, गाडीक योगा शिकयतंस काय?"

माझ्या लक्षात आलं ते इतकंच, की तोंड खाली झालं की आत काहीतरी पुढे सरकतं. गाडीत सरकणारं काय असतं? पेट्रोल. पण टाकीत पेट्रोल होतं. दुसरं काय? मी गाडी परत तोंड खाली करून लावली, बॉनेट वर केलं, आणि ती मरायच्या आधी एका काठीने आत एक एक गोष्ट हलवून बघायला लागले. ही वायर, तो पेट्रोलचा पाइप, ती क्लिप. काही नाही. शेवटी नारळच राहिले.

काठी नारळाला लावायला हात होईना. मी इसाकभाईकडे बघितलं, त्याने मान फिरवली. ह्याचा अर्थ, मी बघितलं नाही, तू काय ते कर.

मी काठीने दोन्ही नारळ हळूच वर उचलले. इंजिन एकदम सरळ झालं. सोडले. धडधड. उचलले. सरळ.

"अब्बा!" नसीम ओरडली. "नारळ!"

आता नारळ आणि इंजिनाचा संबंध सांगते. इंजिनापासून ब्रेककडे एक जाड रबरी पाइप जातो. इंजिन त्यातून हवा ओढून घेतं, त्या ओढीवर ब्रेक हलका दाबला जातो. त्या पाइपाला भोक पडलं तर इंजिन तिथून नको ती हवा खातं. आम्ही म्हणतो, गाडी एअर घेते. जोरात असताना ती पचते, हळू असताना पचत नाही. गुरवाला ह्यातलं काही माहीत असायचं कारण नाही. त्याला बांधायला आडवी वस्तू हवी होती. हाताला पाइप लागला, तिथे गाठ मारली. वर्षानुवर्षं नारळ हलत राहिला आणि पाइप तोंडाशी चिरला. गाडी सपाट उभी असली की चीर मिटलेली. उतार लागला, ब्रेक मारला, की नारळ पुढे जाणार, चीर उघडणार. आबांनी जोडीला दुसरा सांगितला. भार डबल.

म्हणजे गाडी राखायला बांधलेला नारळच गाडी अडवत होता. आणि अडवतोय म्हणून आम्ही त्याचेच हात बळकट करत होतो.

"सोड तर," मी म्हटलं.

"मी?" इसाकभाई दोन पावलं मागे गेला. "मी शब्द दिलंय. तू सोड."

"मी सोडलंय आनि उद्या काय झाला तर गाव माझ्या नावान बोंब मारतला. आबांक फोन लाव."

फोन लावला, स्पीकरवर ठेवला. आबा परब काजूच्या बागेत होते, मागे कोणीतरी कोयत्याने फांद्या तोडत होतं. मी सगळं सांगितलं.

"नारळान गाडी बंद पडता?" आबा म्हणाले. "गो, तू मेकॅनिक काय कोण? नारळान गाडी चलता."

"आबा, मी उचलून बघलंय."

"नारळ सोडूचो नाय."

"मगे पाइप कसो बदलू?"

"नारळ हलवल्याशिवाय बदल."

"आबा," नसीम मध्येच बोलली, "माका नववो लागलो आसा. वाटेत अडाकलंय तर येशात काय धक्को मारूक?"

पलीकडे कोयता थांबला. आबा मग खाकरले. "पोरी, तसा नाय गो. सोडूचो नाय म्हणजे टाकूचो नाय. जागा बदलूक देव आडयत नाय. पण त्येका सांगूक होया. असो गुपचूप उचलूचो नाय. थांब, मी हंयसूनच गाऱ्हाणा घालतंय. तुमी व्हय म्हणा."

इसाकभाईने फोन बॉनेटवर ठेवला. आम्ही तिघं गाडीसमोर उभे राहिलो.

"बा देवा म्हाराजा!" फोनमधून आबांचा आवाज आला. "आज ही इसाकभायची गाडी तुझ्या पायाशी उभी आसा."

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं. इसाकभाई माझ्याकडे बघत होता. मी त्याला कोपराने ढोसलं.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला. नसीमही म्हणाली.

"ह्यो नारळ जो राखणेक बांदलेलो आसा, तो जाग्यावरसून हलवक होयो. ह्येच्यात कोणाचो माज नाय."

"व्हय म्हाराजा!"

"आनि जर कोणाकडसून काय…"

फोन गेला. आमच्याकडे रेंजचं हे असंच. परत लावला, लागेना. आता पंचाईत झाली. गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडत नाहीत. सुरूच केलं नाही तर चालतं, पण देवाला बोलावून आणून मध्येच गप्प बसणं म्हणजे पाहुण्याला पाटावर बसवून वाढायला विसरण्यासारखं. आणि गाऱ्हाणं पुरुष घालतात. बघे तर कधीच पांगले होते, तिथे पुरुष एकच उरला होता.

"माझ्याकडे नको बघू," इसाकभाई म्हणाला. "व्हय म्हणतलंय. फुडचा माका येणा नाय."

मग मीच घातलं. मला त्या भाषेतलं सगळं कुठे येतं? जे समोर होतं ते सांगितलं.

"बा देवा म्हाराजा, फोनाक रेंज नाय, फुडचा मी सांगतंय."

"व्हय म्हाराजा!"

"हो नारळ पाइपार लोंबता. पाइप फाटलो. गाडी एअर घेता."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या चेडवाचे दिवस भरत इले. वाटेत आडवणूक नको. डिकीत गवत घालून तुका बरी जागा करतंय, इंजिनाची झळ नाय, धक्को नाय. थंय बसान राखण कर. आनि माझा काय चुकला आसला तर माझ्यार काढ, गाडयेर नको."

"व्हय म्हाराजा!" आता इसाकभाईचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

मी सुतळी सोडली. नारळ डिकीत ठेवले. पाइपाचं फाटलेलं तोंड कापून टाकलं, लांबी पुरेशी होती, परत दामटून बसवला आणि क्लिप आवळली. काम एवढंच. देवाला सांगायला त्याच्याहून जास्त वेळ लागला.

क्लिप आवळत होते तेव्हा आबांचा फोन आला.

"हॅलो, खंयपर्यंत इललंव आमी?"

"झाला आबा."

"झाला? कोणी केल्यान?"

"देवान आयकल्यान. कोण बोलता तां तेणा विचारूक नाय."

गाडी उतारावर तोंड खाली करून लावली. चालू राहिली. तळ्यापर्यंत नेली, ब्रेक मारले, चालू राहिली. इसाकभाईने देवळाकडे बघून हात जोडले. पण गाडीवर त्याचा विश्वास काही बसला नाही. माणूस फसला की असंच होतं. आजार जातो, भीती राहते.

मग काही दिवस तिकडून काही कळलं नाही. एका दुपारी मी जेवून हात धूत होते आणि इसाकभाईचा फोन आला.

"काकी! गाडी बंद पडली!"

माझ्या हातातला तांब्या खाली पडला. "खंय? उतारावर? नसीम खंय आसा?"

"हॉस्पिटलच्या दारात."

"दारात? म्हणजे पोचलात?"

"तर! सकाळीच पोचलंव. वाटेत येकदा पण बंद पडूक नाय."

"मेल्या, पोरीचा सांग आधी!"

"नातू झालो. दोघांय बरी आसत. बीपी पण उतारला. पण काकी, गाडी सुरूच होयना. स्टार्टर फिरता, पण पकडणा नाय."

"बंद कित्याक केलंस?"

"मी खंय बंद केलंय? मी चालूच ठेवलंय. परत बंद पडली आनि सुरू झाली नाय तर? डॉक्टरानी आणखी खंय न्हेवक सांगला तर? वॉचमन बोंब मारी होतो, बंद कर, बंद कर. मी म्हटलंय, बाबा, पोर होईसर माका काय सांगू नको. सकाळपासून उभ्या उभ्या कशी मस्त चलत होती. आवाज पण बदलूक नाय. आनि आताच आपसूक बंद पडली."

मी जरा वेळ विचार केला. फार करावा लागला नाही.

"इसाकभाय, काटो बघ."

"कसलो काटो?"

"पेट्रोलाचो."

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला. मग बंद झाल्याचा.

"काकी," तो म्हणाला, "कुडाळात पेट्रोल पंप खंय जवळ आसा गो?"

आयडलिंग बरोबर लागलं आहे की नाही हे बघायची पक्की रीत ह्यापेक्षा दुसरी नाही. पण गिऱ्हाइकांना मी ती सांगत नाही, पेट्रोल महाग आहे. त्यांना एवढंच सांगते, की बॉनेटखाली काय बांधलंय ते आधी बघा, आणि कोणी बांधलंय ते नंतर विचारा.